निःशब्द संगणकाचा जमाखर्च



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, कुळकायदा, सहकार अशा भारदस्त विषयांवर जाणत्या वक्त्यांची व्याख्याने झाली आहेत. त्या परंपरेत ‘आवाज न करणारा संगणक’ हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे सभेची थट्टा करणे होय, असे एखाद्यास वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु ज्या मुंबई–पुणे रस्त्याच्या काठी आपली लोधिवली वसली आहे त्यावरून अहोरात्र जाणाऱ्या मालमोटारींचा घोष, पलीकडे द्रुतगती मार्गाचा न थांबणारा गुंजारव, आणि रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांतून रात्रपाळीला ऐकू येणारा वाफेचा सुस्कारा, हे सारे ज्यांच्या कानांच्या नित्य वहिवाटीचे झाले आहे, त्यांच्यापुढे गोंगाटाची मीमांसा करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. माझी सारी नोकरी याच पट्ट्यातील एका कारखान्याच्या नियंत्रण कक्षात, मापनयंत्रे आणि संगणक यांची देखभाल करण्यात गेली. जे बोलणार आहे त्यातले काही ग्रंथांतून घेतलेले आहे, पण बरेचसे पेचकस हातात धरून शिकलेले आहे, एवढाच माझा अधिकार.

प्रथम एक गैरसमज दूर सारला पाहिजे. यंत्राचा आवाज म्हणजे वाया गेलेली शक्ती, अशी आपली समजूत असते. पण मोठ्या यंत्रांच्या बाबतीतही ती फारशी खरी नसते. मेजावरच्या संगणकाचा पंखा चाळीस डेसिबेलचा ध्वनी बाहेर टाकत असेल, तर त्या ध्वनीत खर्च होणारी शक्ती एका वॉटचा दहा कोटीवा भाग इतकीच भरते. हिशेबाच्या दृष्टीने हे शून्यच. आपला कान इतका विलक्षण तीक्ष्ण आहे म्हणून ते शून्य आपणांस दिवसभर छळते. तेव्हा आवाज हा स्वतः खर्च नव्हे. तो खर्चाची पावती आहे. संगणक आवाज करतो तो दोन कारणांनी: एक तर त्याला आपली उष्णता बाहेर टाकायची असते आणि त्यासाठी हवा ढकलावी लागते, दुसरे, त्याला आठवण ठेवायची असते आणि त्यासाठी, कालपरवापर्यंत तरी, काहीतरी गरगर फिरवावे लागत असे. जोवर ही दोन कारणे शिल्लक आहेत तोवर पेटीला आतून कापूस, रबर, फोम लावून काही साधत नाही. उलट कोंडलेली उष्णता पंख्याला अधिक वेगाने पळवते. आवाज दाबता येत नाही, त्याचे प्रयोजन नाहीसे करावे लागते. आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत ते कसे नाहीसे होत गेले, व होता होता ते कोठे जाऊन लपले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या देशात या कथेचा आरंभ येथून फार दूर झाला नाही. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी १९६० मध्ये एक संपूर्ण संगणक स्वतः बांधून कार्यान्वित केला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. जुन्या रेडिओच्या मागच्या बाजूस हात लावलेल्यांना एक नलिका किती तापते हे ठाऊक आहे. तशा २७०० नलिका मुंबईच्या दमट हवेत एका दालनात पेटवल्यावर वातानुकूलन हा चैनीचा नव्हे तर अस्तित्वाचा प्रश्न होतो. पण या प्रचंड, तप्त यंत्राची स्मृती मात्र पूर्णतः निश्चल होती. मोहरीएवढ्या फेराइटच्या कड्या तारांच्या जाळीत ओवून केलेली ती स्मृती चाळीस अंकांचे २०४८ शब्द धारण करी; कडीचे चुंबकत्व एका दिशेस वळले की एक, उलट दिशेस वळले की शून्य; त्यात फिरणारे, सरकणारे, झिजणारे काहीही नव्हते, आणि वीज गेली तरी कडी आपली दिशा विसरत नसे. म्हणजे हलणारा अवयव नसलेली स्मृती ही काही आजची अपूर्वाई नाही. ती आपल्याकडे पहिल्याच यंत्रात होती. प्रश्न होता तो तिच्या तुटपुंजेपणाचा. तिकडे अमेरिकेत १९५६ साली आयबीएम कंपनीने दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर चढवून, मिनिटाला १२०० फेरे घेणारे आणि एक टनाहून जड असे जे कपाट विक्रीस काढले, त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. कड्या ओवणाऱ्या हातांना ही बरोबरी करणे शक्य नव्हते. विपुलता हवी असेल तर चक्र फिरले पाहिजे, असा जणू हुकूमच सुटला आणि तो पुढे अर्धशतक बिनतक्रार पाळला गेला.

उष्णतेची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. विद्युत्‌शास्त्राचा एक कठोर नियम असा की, संगणक जितकी वीज घेतो तितकी सर्वच्या सर्व अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. शंभर वॉट खाणारा संगणक दिवसभर गावाचे फेरफार नोंदवो, की कोणी त्यावर पत्ते खेळत बसो, खोलीच्या दृष्टीने तो शंभर वॉटची शेगडीच. १९८९ साली आलेल्या इंटेलच्या ४८६ या प्रक्रियकाला (प्रोसेसरला) आरंभी पंखा लागत नसे. १९९३ च्या पेंटियमवर तो सर्रास बसू लागला. आणि २००४ पर्यंत त्याच घराण्यातील प्रक्रियक शंभर वॉटच्या पुढे गेले. सूत्र असे आहे की खर्च होणारी वीज ही वेगाच्या प्रमाणात आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करत गेल्यास दाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो आणि म्हणून वेग वाढूनही उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हे वरदान पुरले. पण दाब एका मर्यादेखाली उतरेना, बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही वीज झिरपू लागली, आणि मे २००४ मध्ये इंटेलला आपला पुढचा नियोजित प्रक्रियक, ज्याचे नाव तेजस होते, विक्रीस आणण्यापूर्वीच रद्द करावा लागला. नाव तेजस आणि रद्द होण्याचे कारण ताप, हा योगायोग मला अजूनही गंमतीचा वाटतो.

याच काळात कचेऱ्या-कचेऱ्यांतून तो परिचित घुरघुराट सुरू झाला. पंख्याचे गणित सोपे आहे आणि ते जाणून घेण्यासारखे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी वाहते, पण त्याला लागणारी वीज एक-अष्टमांशावर येते आणि ध्वनी सुमारे पंधरा डेसिबेलने उतरतो, म्हणजे कानाला तो जवळजवळ एक-तृतीयांश भासतो. यास्तव लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा मोठा पंखा संथ फिरवणे केव्हाही शहाणपणाचे. पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पेट्यांत नेमके उलट केलेले असे. आपल्या हवेत तर याला आणखी एक पीडा जडते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, एखाद्या कार्यालयातील संगणकाची बाजूची पट्टी उघडून पाहा: पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेवर करड्या धुळीची घोंगडी चढलेली असते, उष्णता टाकण्यासाठी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधल्या फटी लोकरीसारख्या थराने बुजलेल्या असतात, त्यात मुंग्यांची अंडी, क्वचित पालीचा सांगाडा, आणि पंख्याच्या मध्यावरील कागदी चिठ्ठी सोलून पाहिले तर आत तेलाऐवजी काळा, चिकट गोळा. पंखा हवा आत ओढतो म्हणजे केवळ हवा ओढत नाही. जे जे हवेत आहे ते सर्व ओढतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत पाणी असते, आणि कारखान्यांच्या शेजारी गंधकाची संयुगे असतात, जी तांब्या-चांदीच्या जोडांवर काळा थर चढवतात. दमट धूळ वीज वाहू लागते. माझ्या नोकरीत जे संगणक अकाली मेले त्यांतील बहुतेक उष्णतेने मेले नाहीत, उष्णता घालवण्यासाठी बसवलेल्या पंख्याने त्यांना जे पाजले त्याने मेले. म्हणून आम्हा कारखान्याच्या माणसांना पंखा नसलेल्या यंत्राची ओढ लागली ती शांततेसाठी नव्हे. पंख्यामागून येणाऱ्या हवेच्या भीतीने. शांतता फुकट मिळाली.

आणि हेच, श्रोतेहो, या विषयाच्या इतिहासात वारंवार घडले आहे. इंग्लंडातील केंब्रिज येथे एकॉर्न नावाची लहानशी कंपनी होती. तिने सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांकडे एक नवा प्रक्रियक रचण्याचे काम सोपवले. कंपनीपाशी पैसा बेताचा. प्रक्रियक महागड्या चिनी मातीच्या आवरणात बसवणे परवडणारे नव्हते, तो साध्या प्लॅस्टिकच्या आवरणातच बसला पाहिजे. आणि प्लॅस्टिक एक वॉटहून अधिक उष्णता सहन करणार नाही, अशी अट. त्यांच्यापाशी उष्णतेचे नेमके भाकीत करण्याची साधने नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणी काटकसर केली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिला नमुना हाती आला, चालू केला, आणि तो चालला. नंतर किती वीज खातो ते पाहण्यासाठी मापक जोडला तर काटा शून्यावर! तपास केला तेव्हा असे आढळले की वीजपुरवठ्याची तार मुळी जोडलेलीच नव्हती. शेजारच्या मंडलांतून संकेतांबरोबर जी वीज झिरपत होती तेवढ्यावरच हा प्रक्रियक बिनबोभाट काम करत होता. ‘आर्म’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच वंशाचे प्रक्रियक आज आपणा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहेत; २०१२ साली निघालेल्या, तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय या संगणकात आहेत; आणि २०२० च्या नोव्हेंबरात ॲपल कंपनीने पंखा नसलेला जो मॅकबुक एअर काढला त्यातही त्याच वंशाचा प्रक्रियक आहे. त्या दोघांना शांत संगणक बनवायचा नव्हता. त्यांना स्वस्त आवरण वापरायचे होते. शब्दशः दारिद्र्यातून जन्मलेले हे मौन आहे, आणि ज्या कंपन्यांपाशी पैशाला तोटा नव्हता त्यांनी त्या वर्षांत पंखे विकत घेतले.

उष्णता उत्पन्नच कमी झाली की उरलेली बाहेर काढणे सुकर होते. यासाठी जी उष्णतानलिका वापरतात तिची रचना मला यंत्रविद्येतील अत्यंत रमणीय रचनांपैकी वाटते. पेन्सिलीएवढी, दोन्ही टोकांनी बंद केलेली तांब्याची नळी. आतली हवा काढून टाकलेली. तळाशी काही थेंब शुद्ध पाणी. आणि आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचे सच्छिद्र अस्तर. हवेचा दाब नसल्याने पाणी थोड्याशा उष्णतेनेही वाफ होते. वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे पाण्यात रूपांतरित होऊन आपली उष्णता भिंतीला देते, आणि अस्तरातून पाझरत मूळ जागी येते. अरबी समुद्राचे पाणी वाफ होऊन माथेरानच्या डोंगरावर कोसळावे आणि नद्यांवाटे समुद्रास मिळावे, तोच हा व्यापार, वीतभर तांब्यात, कोणी ढकलल्यावाचून चाललेला. रिचर्ड गॉग्लर यांनी १९४२ साली अशी कल्पना मांडली होती, पण ती बासनातच राहिली. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा सिद्ध केली, आणि प्रथम अवकाशयानांना, मग संगणकांना ती उपयोगी पडली.

नळी उष्णता बाहेरच्या पात्यांपर्यंत आणून सोडते. तेथून पुढे ती हवेला द्यायची. पंखा नसेल तर पाती विरळ आणि उभी हवीत, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर चढेल आणि खालून थंड हवा तिच्या जागी येईल. त्यांवर काळसर, खरखरीत थर चढवतात तो शोभेसाठी नव्हे: चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे प्रारण फारच कृपणपणे करते, थर चढवलेले मात्र उदारपणे. परंतु येथे एक गोष्ट अशी आहे की जी परदेशी माहितीपत्रकांत छापलेली नसते. ही सारी व्यवस्था यंत्राच्या व खोलीच्या तापमानांतील अंतरावर चालते. समजा प्रक्रियकाला ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापण्याची मुभा आहे. बावीस अंशांच्या खोलीत त्याला ७३ अंशांचे अंतर मिळते. मे महिन्यात, कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, चाळीस अंशांच्या खोलीत ते ५५ उरते. म्हणजे तीच पेटी, तीच पाती, पण उष्णता टाकण्याची तिची ऐपत सुमारे पाऊणपट. मग यंत्र काय करते? ते बंद पडत नाही, ओरडत नाही. गुपचूप आपला वेग उतरवते. वेग आणि दाब दोन्ही एक-पंचमांशाने उतरवले की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. सेवाकेंद्रात उताऱ्यासाठी रांगेत उभा असलेला मनुष्य मात्र ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढेच ऐकतो.

आता स्मृतीकडे वळू. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला बहुधा ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. त्यामुळे जो मंद घुमारा येतो त्याची पट्टी ठरलेली असते. तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर, निव्वळ हवेच्या पातळ गादीवर, वाचक-शीर्ष तरंगत असते. ते इकडून तिकडे झेप घेते तेव्हाची बारीक टकटक निराळी. जुन्या डिस्कांत लोखंडी गोळ्यांच्या बेअरिंगची शीळ असे. ती तेलाच्या बेअरिंगांनी नाहीशी केली. इतकी नाजूक व्यवस्था की आवाज करणाऱ्या या यंत्राला आवाजच मारक ठरावा: सप्टेंबर २०१६ मध्ये रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे एका बँकेच्या माहितीकेंद्रात आग विझवण्याच्या वायूची चाचणी घेतली, वायू तोट्यांतून इतक्या प्रचंड आवाजाने सुटला की त्या कंपनांनी डिस्काच डिस्का निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास ठप्प झाले. आगीवाचून दप्तर जळण्याचा हा प्रकार.

हे चक्र थांबवणारी कल्पना १९६७ सालची. बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरच्या पोटात चोहोबाजूंनी निरोधकाने वेढलेला एक धातूचा थर बसवून त्यात विद्युत्‌भार कोंडून ठेवता येतो असे दाखवले; आणि जपानात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये त्यावरून फ्लॅश स्मृती सिद्ध केली. कोंडलेला भार आहे की नाही, यावरून शून्य-एक. फिरणे नाही, झेप नाही, ध्वनी नाही. टिफ्रॅकच्या कड्यांचे वंशज पुन्हा गादीवर आले म्हणावयास हरकत नाही, फक्त या वेळी विपुलता घेऊन.

पण येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या मौनाची स्तुती सर्वत्र होते आणि त्याच्या नावे पडलेला खर्च कोणी वाचून दाखवत नाही. फिरती डिस्क मरण्यापूर्वी सांगे. आमच्या कक्षात एक जुने मदतनीस होते. शाळा फार झालेली नव्हती, पण पेटीवर पेचकसाचे टोक टेकवून मूठ कानाला लावीत आणि ‘साहेब, हिची नक्कल आजच काढा’ असे सांगत. आणि ते बहुधा खरे ठरे. टकटक लयीत येऊ लागली म्हणजे शीर्षाला आपली जागा सापडत नाही. चढती शीळ आली म्हणजे बेअरिंग. चालू करताना हुंदका आला म्हणजे मोटार. फ्लॅश स्मृतीची एसएसडी असा कोणताही दाखला देत नाही. संध्याकाळी बिनबोभाट काम करून सकाळी ती दिसेनाशी होते. तिच्या प्रत्येक घरात भार कोंडताना व काढताना निरोधक थोडा थोडा झिजतो. एका घरात एकच अंक ठेवणाऱ्या जुन्या प्रकारात हे सुमारे लाखभर वेळा चालत असे, एकेका घरात तीन-तीन अंक दाटीने भरणाऱ्या हल्लीच्या स्वस्त प्रकारात काही हजार वेळाच. शिवाय कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. या उद्योगाचे जे मानक आहे ते घरगुती एसएसडीला, तिचे आयुष्य लिहून संपत आल्यावर, तीस अंश तापमानात वीज न देता एक वर्षच माहिती सांभाळण्याची अट घालते. खोली त्याहून गरम असेल तर मुदत आणखी आखूड. म्हणून ग्रामपंचायतीचे जुने ठराव एसएसडीवर उतरवून ती पत्र्याच्या कपाटात, बासनात बांधून, पाच-सात उन्हाळे विसरून जाणे म्हणजे ते वाळवीच्या हवाली करण्यासारखेच होय. आपल्या मामलेदार कचेरीतील मोडी कागद दीडशे वर्षांनीही वाचता येतात, हे या संदर्भात आठवावे.

पूर्ण मौन तसेही कोठे नसते. पंखा गेला, चक्र गेले, की वीजपुरवठ्यातील वेटोळी आणि मातीच्या बारीक धारित्रांची किणकिण ऐकू येऊ लागते. ती इतकी उंच पट्टीची असते की सभेतील पोराटोरांना ती ऐकू येईल. माझ्या वयाच्या मंडळींना निसर्गानेच तिच्यापासून मुक्त केले आहे.

आता मूळ प्रश्न: आवाज गेला कोठे? आपल्या तालुक्याला याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. मुंबईच्या गिरण्या एके काळी कोळशावर, वाफेच्या इंजिनांवर चालत. गिरणगावावर धुराचे छत असे. १९१५ साली टाटांनी लोणावळे, वळवण, शिरवटे येथील तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांवाटे खोपोलीस आणून तेथे वीज निर्माण केली आणि ती तारांनी मुंबईस नेली. १९२२ मध्ये कर्जतच्या बाजूस भिवपुरीचे वीजघर झाले. गिरण्यांत विजेच्या मोटारी आल्या, इंजिने थांबली, धूर ओसरला. परंतु शक्ती उत्पन्न करण्याचा कल्लोळ नाहीसा झाला नव्हता, तो बोरघाटाच्या पायथ्याशी आला होता; आणि गिरणीतून तो ऐकू येत नाही म्हणून तो नाही, असे खोपोलीकर म्हणू शकत नव्हते. त्या वीजघरातून सुटणारे पाणी पाताळगंगेत येते, आणि त्याच पाण्याच्या भरवशावर पुढे रसायनीचे कारखाने उभे राहिले, हा त्या व्यवहाराचा दुसरा हप्ता.

तेच पुन्हा घडत आहे, आणि याही वेळी आपल्याच दारात. येथून मुंबईकडे निघालात की पनवेलपाशी योट्टा कंपनीचे माहितीकेंद्र लागते. जुलै २०२० मध्ये ते सुरू झाले, आणि त्याची रचना ७२०० मांडण्यांची आहे. मांडणी म्हणजे माणसाहून उंच लोखंडी घोडा, त्यात एकावर एक रचलेले संगणक, आणि त्या प्रत्येकात चपट्या पेटीत मावावेत म्हणून मुद्दाम लहान व्यासाचे, म्हणूनच भयंकर वेगाने फिरणारे पंखे. अशा कोणत्याही केंद्राच्या दालनात उभे राहून शेजाऱ्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. बाहेर शीतनयंत्रे, आणि वीज गेल्यास डिझेलवर चालणारी जनित्रे. तेथे फिरत्या तबकड्याही निवृत्त झालेल्या नाहीत. मोठ्या साठ्याला त्याच अजून स्वस्त पडतात. आपण आपल्या निःशब्द मोबाइलवरून नातवाच्या बारशाचे छायाचित्र कोल्हापूरला धाडतो तेव्हा ते बहुधा कोठल्यातरी अशाच केंद्रात, सेकंदाला १२० फेरे घेणाऱ्या एखाद्या तबकडीवर जाऊन निजते. आपल्या हातातील यंत्राचे मौन खरे आहे, अंशतः त्या आर्म प्रक्रियकाच्या काटकसरीने कमावलेले आहे; पण अंशतः ते उसने आहे, आणि त्याचे व्याज पनवेलकडे चालू आहे.

तेथेही हवा सोडून द्रवाकडे जाण्याचे प्रयत्न आहेत. सीमोर क्रे यांचा १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक अंतर्बाह्य एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला होता. पुण्याच्या आयसर संस्थेत सी-डॅकने बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाची उष्णता प्रक्रियकाला भिडवलेल्या पट्ट्यांतून वाहणारा द्रव वाहून नेतो. द्रव पंख्याहून शांत खरा. पण तो थंड करण्यासाठी शेवटी कोठेतरी हवा किंवा पाणी खर्चावेच लागते, आणि पाणी म्हटले की पाताळगंगेच्या काठच्या माणसाने कान टवकारले पाहिजेत. मी या केंद्रांच्या विरुद्ध नाही. रोजगार, कर, वीजवाहिन्या या गोष्टी मला कळतात. परंतु परवानगीच्या अर्जात विजेचा आणि पाण्याचा आकडा जसा मागितला जातो, तसा रात्री दोन वाजता कुंपणाबाहेर किती डेसिबेल पडेल, हा आकडाही ग्रामसभेने मागावा, आणि तो लेखी, मोहोर उठवून घ्यावा.

या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निघताना एक व्यवहाराचा प्रश्न विचारला होता: आपल्या वाचनालयासाठी दोन संगणक घ्यावयाचे आहेत, ते कसे घ्यावेत? माझा सल्ला असा. पंखा नसलेले, पंधरा-वीस वॉटच्या आतले, लहान पेटीचे यंत्र घ्यावे. ग्रंथनोंदणी, वर्तमानपत्रे आणि मुलांचे अर्ज यांना ते पुरून उरेल. आत एसएसडी असू द्यावी, पण दर शनिवारी दप्तराची एक नक्कल जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क वाचनालयात नव्हे, चिटणिसांच्या घरी ठेवावी. तिचा आवाज आठवड्यातून दहा मिनिटे कोणाला बाधणार नाही, आणि तो बदलला तर कळेल. यंत्र मेजाच्या खणात किंवा काचेच्या कपाटात बंदोबस्ताने ठेवण्याचा मोह आवरावा. चोहोबाजूंनी वीतभर मोकळी जागा सोडावी.

आणि ते ठेवावे छताच्या पंख्याखाली. निःशब्द यंत्रांची परीक्षणे जेथे लिहिली जातात त्या देशांत छताचा पंखा हे प्रकरण फारसे नाही. आपल्याकडे तो वर्षाचे नऊ महिने माणसांसाठी फिरतच असतो. त्याची ती मंद झुळूक उभ्या पात्यांवरून गेली की आपोआप वर चढणाऱ्या हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता घेऊन जाते, आणि त्याचा आवाज आपल्या कानांनी पिढ्यांपूर्वीच माफ केलेला आहे. मात्र खरेदीच्या दिवशी दुकानदार वातानुकूलित खोलीत यंत्र चालवून दाखवेल तेवढ्यावर पावती फाडू नये. मे महिन्यातील दुपार निवडावी. वीज गेलेली, छताचा पंखा थांबलेला, संगणक बॅटरीवर चालू. अशा वेळी त्याला अर्धा तास सलग काम द्यावे, आणि पेटीवर हाताचा तळवा किती वेळ ठेववतो ते पाहून मगच पैसे मोजावेत.